हेतू कुठे लिहिला आहे? लिनक्स कर्नलभोवतीच्या लिखाणाचं एक परीक्षण



मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाविषयी बोललो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून जे ज्ञान होतं ते कधी मानायचं, सांगणारा ‘आप्त’ आहे हे कशावरून ठरवायचं, अशी ती चर्चा होती. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, की सर, हे सगळं आजच्या जगात कुठे दिसतं? न्यायालयात दिसतं, वर्तमानपत्रात दिसतं, असं सोपं उत्तर मी तेव्हा दिलं. घरी गेल्यावर वाटलं, की याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे होतं आणि ते मी सांगायला हवं होतं. ते आज सांगतो.

उदाहरण आहे लिनक्स कर्नलचं. कर्नल म्हटल्यावर आपल्याला लष्करातले कर्नल आठवतात. हा तो नव्हे. हा कर्नल म्हणजे गाभा, फळातली बी असते तसा. संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, स्क्रीन एकीकडे आणि आपण वापरतो ते प्रोग्राम दुसरीकडे, या दोघांच्या मध्ये बसून कोणाला किती वेळ, किती जागा मिळणार हे ठरवणारा प्रोग्राम. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात अँड्रॉइड फोन आहे त्यांच्या हातात लिनक्स कर्नल आहे. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक दर सहा महिन्यांनी यादीत येतात. नोव्हेंबर २०१७ पासून ते सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

लिनस टॉरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी. त्याने ऑगस्ट १९९१ मध्ये या कामाची घोषणा केली, तेव्हा हा छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला होता. पहिल्या आवृत्तीत साधारण दहा हजार ओळी होत्या. आज तीन कोटींहून अधिक आहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते, प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात, आणि ते करणारी माणसं दीड-दोन हजार. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं.

मी प्रोग्रामर नाही, हे आधीच सांगतो. या विषयाकडे मी आलो तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. तत्त्वज्ञानात बी.ए. करून ती संगणकाकडे वळली आणि ड्रायव्हर लिहिण्याच्या कामाला लागली. ड्रायव्हर म्हणजे एखादं यंत्र कर्नलला कसं वापरता येईल ते सांगणारा कोडचा भाग. एकदा ती भेटायला आली आणि म्हणाली, “सर, एक ओळ आहे. ती काढली तरी सगळं चालतं. ती का लिहिली होती ते कुठेच लिहिलेलं नाही. ज्याने लिहिली तो आता उत्तर देत नाही. काढू की ठेवू?”

मी तिला म्हटलं, हा तर न्यायशास्त्राचा प्रश्न आहे. ती हसली. पण मी गंमत करत नव्हतो. तेव्हापासून मी कोडभोवतीचं लिखाण वाचतो आहे. आज परीक्षण करायचं ते या लिखाणाचं. कोड चांगलं की वाईट हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण माणसं आपल्या कामाची कारणं कशी लिहितात, कुठे लिहितात आणि कुठे लिहायचं टाळतात, हे वाचणं हा माझा आयुष्यभराचा धंदा आहे.

या लिखाणाचे तीन भाग करतो. एक, प्रत्येक बदलासोबत येणारी टीप, जिला कमिट मेसेज म्हणतात. दोन, कर्नलच्या सोबतच असलेलं डॉक्युमेंटेशनचं दालन. आणि तीन, ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल, म्हणजे कुठला भाग कोण सांभाळतं याची यादी.

पहिल्यापासून सुरुवात करू.

कर्नलमध्ये बदल करायचा असेल तर पॅच पाठवावा लागतो. त्यात कोडमधला फरक असतो आणि वर एक टीप असते. ही टीप कशी लिहावी याचे नियम कर्नलच्या कागदपत्रांत दिलेले आहेत. आधी अडचण सांगा. ती सोडवण्याच्या लायकीची आहे हे वाचणाऱ्याला पटवून द्या. मग काय केलं ते सांगा, आणि ते आज्ञार्थी क्रियापदात सांगा, जणू कोडला हुकूम देता आहात की असं वाग. केवळ बाहेरच्या चर्चेकडे बोट दाखवून थांबू नका. टीप एकटी वाचली तरी कळली पाहिजे.

ज्यांनी न्यायाची पंचावयवी मांडणी शिकली आहे त्यांच्या हे लगेच लक्षात येईल. पहिली ओळ ही प्रतिज्ञा, खालचा परिच्छेद हा हेतू. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. तसं इथे: हे कुलूप आधी लावा, कारण दोन प्रोसेसर एकाच वेळी इथे पोचले तर माहिती बिघडते. चांगल्या टिपांत उदाहरणही असतं, बिघाड कसा होतो ते पायरीपायरीने मांडलेलं. काही टिपा अशा आहेत की बदल एका ओळीचा आणि स्पष्टीकरण दोन पानांचं. मी विद्यापीठात इतकी वर्षं प्रबंध तपासले. हेतूचा इतका काटेकोर आग्रह धरणारी संस्था मला दुसरी दिसलेली नाही. हे कौतुक मी तोलूनमापून करतो आहे.

टिपेच्या खाली सह्या असतात. लिहिणाऱ्याची सही, ज्याच्या हातून बदल वर गेला त्या प्रत्येकाची सही. ही पद्धत २००४ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी एका कंपनीने लिनक्समध्ये आपला मजकूर चोरून घातल्याचा दावा करत मोठा खटला गुदरला होता. तेव्हा कुठली ओळ कुठून आली याची साखळी दाखवता यावी, म्हणून सही आली. इथे एक बारकावा आहे. ही सही कोड बरोबर असल्याची हमी देत नाही. हा मजकूर द्यायचा मला हक्क आहे, एवढंच ती म्हणते. बरोबर-चूक पाहिल्याची नोंद वेगळी होते: कोणी वाचलं, कोणी चालवून पाहिलं, कोणी आधी बिघाड कळवला. म्हणजे हक्काची साक्ष वेगळी आणि सत्याची साक्ष वेगळी. प्रमाणांचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या मंडळींना हा भेद आवडला असता.

वात्स्यायनाने आप्ताचं लक्षण सांगताना एक फार मोठी गोष्ट म्हटली आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू आहे. जन्माचा प्रश्न नाही. कर्नलचा दावा हाच आहे. कोण कुठल्या देशाचा, कुठल्या कंपनीचा हे न पाहता पॅच पाहायचा.

आता या दाव्याची दोनदा परीक्षा झाली, ती बघू.

पहिली परीक्षा मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतली. २०२० मध्ये त्यांनी खोट्या नावांनी, मुद्दाम दोष ठेवलेले काही पॅच पाठवले, ते पकडले जातात का हे पाहण्यासाठी. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटलं. त्या विद्यापीठातून येणारे बदल घेणं थांबवलं गेलं, आणि तिथून पूर्वी आलेले शेकडो बदल पुन्हा तपासावे लागले. त्यातले बहुतेक बरोबर निघाले. शोधनिबंध मागे घेतला गेला. वात्स्यायनाच्या भाषेत सांगायचं तर या लोकांना वस्तूचं ज्ञान होतं, पण जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा नव्हती. आप्ताच्या लक्षणाचा दुसरा भाग गळाला. ज्यांना भुर्दंड पडला ते सांभाळणारे. संशोधकांच्या वेळेची किंमत त्यांच्या निबंधात असेल, सांभाळणाऱ्यांच्या वेळेची नव्हती. या परीक्षेत कर्नलची बाजू मला योग्य वाटते.

दुसऱ्या परीक्षेत मात्र कर्नल नापास झाला, असं मला म्हणावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मेंटेनर्स’च्या यादीतून सुमारे डझनभर नावं काढली गेली, रशियाशी संबंध असलेली. सोबतच्या टिपेत काय होतं? नियमपालनाच्या विविध गरजांमुळे काही नोंदी काढत आहोत, पुरेशी कागदपत्रं आली तर परत येऊ शकतील. बस. कुठला नियम, कुठल्या देशाचा, कोणाला लागू, कुठली कागदपत्रं, काही नाही. पुढे काही दिवसांनी खुलासा झाला, की अमेरिकेच्या निर्बंधयादीतल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांचा हा प्रश्न आहे. वकिलांनी हात बांधले असतील, हे मी समजू शकतो. निर्णय योग्य होता की अयोग्य यावर मी आज बोलत नाही. पण कुलपाची जागा एका ओळीने बदलायची तर जिथे दोन पानं हेतू मागितला जातो, तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांची नावं हेतूशिवाय काढली गेली. नवख्या मुलाने अशी टीप पाठवली असती तर ती परत आली असती. ज्या परंपरेने इतरांना शिस्त लावली तिने स्वतःसाठी ती बाजूला ठेवली, म्हणून हा दोष मला मोठा वाटतो.

आता दुसऱ्या भागाकडे, म्हणजे डॉक्युमेंटेशनकडे येऊ.

इथे चित्र संमिश्र आहे. वर्षानुवर्षं हे दालन घराच्या माळ्यासारखं होतं. कोणी काय आणून टाकलं, कधी टाकलं, पत्ता नाही. २०१६ पासून, म्हणजे ४.८ या आवृत्तीपासून, त्याला नवी मांडणी मिळाली. जॉनथन कॉर्बेट हे या दालनाचे सांभाळणारे. त्यांनी आणि इतरांनी फाइली वाचकांप्रमाणे लावायला घेतल्या: यंत्रणा चालवणाऱ्यासाठी वेगळ्या, ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी वेगळ्या, नव्याने पॅच पाठवणाऱ्यासाठी वेगळ्या. कोण वाचणार आहे, या प्रश्नापासून सुरुवात झाली. हे मोलाचं काम आहे आणि त्याची टाळ्या वाजवून कधी दखल घेतली जात नाही.

त्याशिवाय कोडच्या आतच, प्रत्येक महत्त्वाच्या फंक्शनच्या डोक्यावर, ठरावीक पद्धतीने माहिती लिहिण्याची सोय आहे. त्यातून पुस्तकाची पानं आपोआप तयार होतात. फंक्शनला द्यायच्या एखाद्या गोष्टीचं वर्णन राहिलं तर यंत्र तक्रारही करतं. छान आहे. पण यंत्र काय तपासतं? ‘क’ म्हणजे काय हे लिहिलं आहे का, एवढंच. ‘क’ असा का, याची तक्रार यंत्राला करता येत नाही. त्यामुळे अशी कितीतरी वर्णनं सापडतात, की ‘आकार: आकार’. तक्रार मिटली, अज्ञान तसंच राहिलं.

या दालनातली एक फाइल मात्र मला अतिशय आवडते. ती मेमरी बॅरियर्सविषयी आहे. विषय असा: एका प्रोसेसरने आधी ही गोष्ट लिहिली आणि मग ती लिहिली, तरी शेजारच्या प्रोसेसरला त्या त्याच क्रमाने दिसतील याची खात्री नसते. क्रम पाळायला लावायचा तर मध्ये बांध घालावा लागतो. हा विषय भल्याभल्यांना घाम फोडतो. २००६ मध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी ही फाइल घातली, आणि तो सातवा प्रयत्न असल्याचं टिपेच्या शीर्षकातच लिहिलं आहे. सहा वेळा लोकांनी दोष काढले, सहा वेळा पुन्हा लिहिलं.

आजच्या या फाइलच्या आरंभी एक इशारा आहे. त्याचा आशय असा, की हे काही प्रमाणभूत विधान नाही. हे अपूर्ण आहे. काही ठिकाणी थोडक्यात सांगायचं म्हणून जाणूनबुजून, आणि काही ठिकाणी आम्ही माणसं आहोत म्हणून नकळत. शंका आली, आणि त्या पुष्कळ येतील, तर कृपया विचारा.

आपल्या अपूर्णतेचे असे दोन प्रकार पाडून सांगणारा ग्रंथकार मी क्वचित पाहिला आहे. आणि या कबुलीतून पुढे काम निघालं. काही अभ्यासकांनी आणि कर्नलच्या लोकांनी मिळून या नियमांचं औपचारिक प्रारूप तयार केलं, छोटी उदाहरणं देऊन यंत्राकडून उत्तर काढता येईल असं. २०१८ मध्ये ते कर्नलसोबतच ठेवलं गेलं. आपल्याकडे वार्तिकाचं काम असं सांगितलं आहे, की मूळ ग्रंथात जे सांगितलं, जे सांगायचं राहिलं आणि जे चुकीचं सांगितलं, त्या तिन्हींचा विचार करायचा. ते काम इथे झालं. पण वार्तिक लिहायला आधी काहीतरी सांगितलेलं असावं लागतं. पान कोरं असेल तर त्यावर वार्तिक होत नाही.

आता त्या इशाऱ्यातल्या शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्या. ‘विचारा’. कोणाला विचारायचं? ग्रंथ अपुरा असेल तर उरतो तो गुरू, आणि मग गुरूचा स्वभाव हादेखील ग्रंथाचाच भाग होतो. तो खेकसला तर विचारणारा पुन्हा येत नाही, आणि ज्ञान तिथेच थांबतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे कर्नलचा सर्वांत महत्त्वाचा नियम. कर्नल बदलला तरी त्यावर चालणारे जुने प्रोग्राम मोडता कामा नयेत. हे फार मोठं वचन आहे. एक उदाहरण देतो. फाइल उघडण्यासाठी कर्नलला जी विनंती करतात तिच्यात काही खुणा पाठवता येतात. कर्नलला माहीत नसलेली खूण आली तर तो पूर्वीपासून दुर्लक्ष करत आला. चूक होती, नको ती खूण आली तर नाही म्हणायला हवं होतं. पण आता नाही म्हणता येत नाही, कारण कुठलातरी जुना प्रोग्राम निष्काळजीपणे काहीतरी पाठवत असेल आणि तो मोडेल. म्हणून २०२० मध्ये त्याच कामासाठी वेगळी, नवी विनंती तयार करावी लागली, जी अनोळखी खूण नाकारते. जुनी तशीच आहे. दिलेला शब्द पाळायचा तर चुकीसकट पाळावा लागतो.

आता हा नियम कुठे लिहिला होता? वर्षानुवर्षं तो लोकांना माहीत होता तो टॉरवाल्ड्स यांच्या मेलमधून, विशेषतः डिसेंबर २०१२ च्या एका मेलमधून, ज्यात त्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला सगळ्यांच्या देखत अतिशय अपमानकारक भाषेत झापलं होतं. नियम खरा होता. पण एखाद्या मोठ्या परंपरेचा मूलभूत नियम शिवीच्या पोटातून शिकावा लागावा, ही त्या परंपरेच्या लिखाणातली उणीव आहे. या विषयावर सविस्तर, वाचता येतील अशी कागदपत्रं आली ती २०२२ मध्ये. त्यांतही नियमाचे बारकावे टॉरवाल्ड्स यांच्या वेळोवेळीच्या वचनांचा आधार घेऊन सांगितले आहेत, म्हणजे स्मृतिग्रंथाची रचना. मधल्या काळात, सप्टेंबर २०१८ मध्ये, टॉरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही आठवडे काम थांबवलं होतं आणि कर्नलने आचारसंहिता स्वीकारली होती. अनेकांना त्यात नुसता सभ्यतेचा प्रश्न दिसला. मला तो डॉक्युमेंटेशनचाही प्रश्न दिसतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो फालतू नाही. पीटर नॉर हे डॅनिश संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी १९८५ मध्ये एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्राम लिहिणं म्हणजे लिहिणाऱ्यांच्या मनात एक सिद्धान्त उभा राहणं. जगातला कुठला व्यवहार कोडमध्ये कसा उतरला, आणि नवा बदल कुठे बसेल, कुठे बसणार नाही, ही समज. ही समज कागदावर पूर्ण उतरत नाही. ती माणसं पांगली की प्रोग्राम मेला, कोड शिल्लक असलं तरी. मग डॉक्युमेंटेशनचा एवढा अट्टहास कशाला?

मी या निबंधावर बराच विचार केला. अर्धं मान्य आहे. सतार पुस्तकावरून येत नाही. पण नॉर गृहीत धरतात की लिहिण्याचा उद्देश संपूर्ण समज पोचवणं हाच आहे. माझ्या मते हेतू लिहून ठेवण्याचं खरं काम वेगळं आहे. हेतू लिहिलेला असेल तर पुढच्या माणसाला तो खोडता येतो. “ही ओळ अमुक यंत्रातल्या दोषासाठी घातली” एवढं लिहिलं असेल, तर तीस वर्षांनी आलेला माणूस म्हणू शकतो, ते यंत्र आता कुठेच नाही, ओळ काढतो. हेतू लिहिलेला नसेल तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: भीतीने ओळ जपायची किंवा बेफिकिरीने उडवायची. पुढच्या पिढीला असहमत होण्याचा हक्क द्यायचा तर आपलं कारण तिच्या हाती द्यावं लागतं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. केवढे उपकार आहेत. पण कुठला पाठ बदलला आणि कशावरून बदलला, याची यादी आपल्याजवळ नाही. त्यामुळे राजवाड्यांपासून पुढे कितीतरी अभ्यासक एकनाथपूर्व पाठ शोधत राहिले आणि वाद घालत राहिले. शुद्ध प्रत मिळाली, तिच्यामागचे हेतू मिळाले नाहीत. एकनाथांचा हा दोष मानू नका, त्या काळाची ती रीतच नव्हती. पण आज रीत आहे, साधन आहे. म्हणून आजच्यांना सूट नाही.

कर्नलवर माझा मुख्य आक्षेप तो हाच. बदलाचं कारण कर्नल उत्तम लिहितो. आहे त्या स्थितीचं कारण लिहीत नाही. टिपा कालक्रमाने साठत जातात. एखादी ओळ अशी का आहे हे शोधायचं तर तिला शेवटचं कोणी हात लावला ते पाहायचं, मग त्याआधी कोणी, मग त्याआधी. आणि हा प्रवास एका जागी थांबतो. एप्रिल २००५ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी गिट हे साधन स्वतः लिहिलं आणि कर्नल त्यात हलवला, कारण आधी वापरत होते त्या साधनाची फुकट परवानगी गेली होती. हलवताना त्यांनी पहिल्याच टिपेत सांगून टाकलं, की जुना इतिहास आमच्याजवळ आहे, पण आत्ता त्याची खटपट करत नाही, नंतर हवा तर वेगळा ठेवता येईल. तो नंतर वेगळा जोडलाही गेला. पण रोजच्या कामात शोध घेणारा माणूस २००५ च्या त्या एका प्रचंड टिपेपाशी येऊन थबकतो. माझ्या विद्यार्थिनीची ती ओळ तिथेच पोचली होती.

अलीकडे या आक्षेपाला अनपेक्षित जागेवरून दुजोरा मिळाला. डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये सी भाषेसोबत रस्ट नावाच्या भाषेला जागा मिळाली. रस्टमध्ये ही मेमरी कोणाच्या मालकीची, कधीपर्यंत वापरायची, हे कोडमध्येच सांगावं लागतं. आणि जिथे भाषेला खात्री देता येत नाही तिथे हे सुरक्षित का आहे याचं कारण लिहून ठेवण्याची शिस्त आहे. म्हणजे सी मधल्या फंक्शनचे अलिखित करार कोणीतरी विचारायला आलं. हे कुलूप आधी कोणी लावायचं? ही मेमरी शेवटी कोणी सोडायची? पुष्कळदा उत्तर कोणाच्या तरी डोक्यात होतं, किंवा दोन डोक्यांत दोन. वाद झाले, काही लोक वैतागून सोडून गेले. जुन्यांची बाजूही खरी आहे. आपण जी भाषा वाचत नाही तिचं ओझं वर्षानुवर्षं आपल्यावर येईल, ही भीती खोटी नाही. पण करार लिहून मागणं हा काही उद्धटपणा नव्हे.

आता शेवटचा भाग, ‘मेंटेनर्स’ ही फाइल. साहित्य म्हणून कोणी ती वाचणार नाही. मी वाचली. तीत प्रत्येक विभागापुढे एक अवस्था लिहायची असते. ‘आधार असलेला’, म्हणजे हे बघण्यासाठी कोणाला तरी खरोखर पगार मिळतो. ‘सांभाळलेला’, म्हणजे कोणीतरी खरोखर बघतं. तिसरी अवस्था अशी, की सांभाळणारा आहे, पण अधूनमधून एखादा पॅच घेण्यापलीकडे त्याला वेळ नाही. चौथी, ‘अनाथ’. पाचवी, कालबाह्य.

या वर्गीकरणात विलक्षण प्रामाणिकपणा आहे. कुठल्या सरकारी खात्याने, कुठल्या विद्यापीठाने आपल्या विभागांची अशी यादी जाहीर केली आहे? इथे कोणाला पगार मिळतो, इथे कोणी फिरकत नाही, असं? पण प्रामाणिक नोंद झाली म्हणून प्रश्न सुटला असं होत नाही. कोट्यवधी फोन ज्यावर चालतात त्याच्या काही खोल्यांत दिवा लावायला माणूस नाही, हे त्यात लिहिलेलं असतं आणि आपण फोन चालवत राहतो.

लिहिणाऱ्यांची गत त्याहून नाजूक. कर्नलला विनंती कशी करायची हे सांगणारी ‘मॅन पेजेस’ नावाची पानं असतात, तो कर्नलच्या शेजारचा वेगळा प्रकल्प. मायकेल केरिस्क यांनी २००४ पासून दीड दशकाहून अधिक काळ तो सांभाळला. लिहिता लिहिता त्यांना कर्नलमधलेच दोष सापडत गेले, कारण एखादी गोष्ट साध्या वाक्यात सांगता येत नसेल तर बहुधा ती गोष्टच वाकडी असते. त्यांच्यानंतर ज्यांनी काम घेतलं त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, की पैशांची सोय नाही, यापुढे जमणार नाही. मग काही कंपन्या पुढे आल्या आणि काम पुन्हा सुरू झालं. सोय झाली याचा आनंद आहे. ती थांबल्यावर झाली, हे लक्षात ठेवायला हवं.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊन थांबतो. काढू की ठेवू? तिने शेवटी काय केलं ते सांगतो. तिने ओळ काढली नाही. जुनी यंत्रं मिळवली, ती कशावर लागते ते महिनाभर शोधलं. एका जुन्या चिपवर, सुरू होताना, ती लागत होती. मग तिने पॅच पाठवला. त्यात कोडचा एकही बदल नव्हता. त्या ओळीच्या वर दोन ओळींची टीप होती: ही का आहे, आणि कधी काढता येईल.

मी तिला विचारलं, एवढी मेहनत करून कोड तर तसंच राहिलं? ती म्हणाली, “सर, पुढचा माणूस आता काढू शकेल.”

‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये ‘अनाथ’ या अवस्थेच्या व्याख्येला लागूनच कंसात एक सूचना आहे: आता सांभाळणारा कोणी नाही, पण तुम्ही नवं कोड लिहिताना कदाचित ही जबाबदारी घेऊ शकाल. तिने तो विभाग घेतला नाही, तिला नोकरी आहे, घर आहे. दोन ओळी मात्र लिहिल्या. प्रश्न असतील तर विचारा. माझंही सांगणं अपूर्ण आहे, काही जाणूनबुजून, काही माणूस म्हणून.